शेजारच्या रानात गॅसचं ड्रिलिंग येतंय, लीजवर सही करावी का?

सस्क्वेहानाकाठची

नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

आम्ही पेनसिल्व्हेनियाच्या उत्तर टोकाला, ब्रॅडफर्ड काउंटीत राहतो. टोवांडा गावापासून वीसेक मिनिटांवर. नवरा हॉस्पिटलात रेस्पिरेटरी थेरपिस्ट, मी घरून हिशेबाची कामं करते. २०१७ साली इथली ६२ एकरांची जुनी डेअरी विकत घेतली. डेअरी म्हणायची, पण गाई केव्हाच गेल्या होत्या, गोठा तेवढा उभा होता. अठरा एकर गवताचं रान शेजारच्याला कसायला दिलंय. उरलेलं सगळं मेपल आणि हेमलॉकचं जंगल, आणि घरामागे माझी मेथी, घेवडा नि मिरचीची बाग, तीही हरणांनी ठेवली तर.

हरणांच्या शिकारीचा सीझन संपला आणि त्याच आठवड्यात एक लँडमन दारात आला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: गॅस कंपनीच्या वतीनं घरोघर फिरून जमिनीखालच्या गॅसची लीज गोळा करतो तो लँडमन. माणूस गोड. बूट स्वतःहून दाराबाहेर काढले, म्हणजे आधी कुठल्यातरी देशी घरात जाऊन आला असणार. चहा घेतला, दुसरा कपही घेतला. मग कागद काढले. एकरी १,५०० डॉलर बोनस, साडेबारा टक्के रॉयल्टी, पाच वर्षांची मुदत, वर कंपनीला हवं तर आणखी पाच. ६२ गुणिले १,५०० म्हणजे ९३ हजार डॉलर, हे त्यानं आमच्याच किराण्याच्या यादीमागे लिहून दाखवलं. तो कागद अजून फ्रिजवर आहे, कारण नवऱ्यानं तो काढू दिलेला नाही.

आमच्या आधीचा मालक हट्टी म्हातारा होता. २००८ ते २०१० च्या धामधुमीत अख्ख्या रस्त्यानं सह्या केल्या, यानं नाही केली. त्यामुळे आमचा तुकडा मोकळा राहिला. आता शेजारच्याच्या रानात, म्हणजे जो आमचं गवत कापतो त्याच्याच, गॅसच्या विहिरींचं पॅड, म्हणजे ड्रिलिंगसाठी सपाट केलेली जागा, होणार आहे. खुंट्या ठोकून गुलाबी फिती बांधून झाल्यात. आमच्या बोअरपासून ती जागा नकाशावर मोजली तर १,९०० फूट भरते. लँडमनचं म्हणणं, १५ तारखेच्या आत सही करा, नाहीतर युनिटचा (म्हणजे एकत्र गॅस काढायला जोडलेल्या जमिनींच्या गटाचा) नकाशा तुम्हाला वगळून होईल आणि गॅस काय, तो तसाही निघून जाईल.

माझे वडील कोरेगावकडचे शेतकरी. सातबारा आणि फेरफार बघितल्याशिवाय दुसऱ्याच्या बांधावर बसायचं पण नाही, हा त्यांचा नियम. त्यामुळे आमचं खरेदीखत काढून वाचलं. त्यात १९११ च्या एका जुन्या खताचा उल्लेख आहे, की त्या वेळच्या विकणाऱ्यानं ‘कोळसा आणि सर्व खनिजं’ स्वतःकडे राखून ठेवली. हे वाचून माझे हातपाय गार पडले. जमीन आमची आणि खालचं दुसऱ्याचं?

तर प्रश्न असे. हा १९११ चा उल्लेख असेल तर गॅस आमचा आहे की नाही? सही नाही केली तर खरंच आमच्या खालचा गॅस फुकटात जातो का? आणि ज्यांनी सही केलीय त्यांना पस्तावा झाला का? नवऱ्याचं मन सहीकडे आहे, गोठ्याचं छप्पर आणि मुलीचं कॉलेज दोन्ही समोर दिसतंय त्याला. माझं मन लागत नाही. इथली शांतता बघून आलो होतो. पाणी स्वतःच्या बोअरचं, १९७४ सालचा, चवीला गोड, ग्लासात ओतलं की क्षणभर दुधाळ दिसतं नि मग खालून वर निवळत जातं, एवढंच. हे सगळं जाईल का, हा धसका आहे.

---

पश्चिमेकडचा नाना

ताई, तुम्ही तीन प्रश्न विचारलेत. चौथा वाक्याच्या शेपटीला बांधून सोडून दिलात, आणि माझ्या मते तोच पहिला आहे. ग्लासातलं पाणी दुधाळ होतं आणि खालून वर निवळतं, याचा अर्थ पाण्यात कुठला तरी वायू विरघळलेला आहे. नुसती हवा असेल. मिथेनही असेल. तुमच्या भागात ड्रिलिंग नसतानाही पाण्याच्या विहिरींमध्ये मिथेन सापडतो. मॉन्ट्रोजजवळ सॉल्ट स्प्रिंग्ज स्टेट पार्क आहे ना, तिथे झऱ्यातून बुडबुडे येतात ते मिथेनचेच, आणि ते कुठल्याही कंपनीच्या आधीपासून येतायत. घाबरू नका, पण ९३ हजाराचा कागद फ्रिजवरून काढा आणि तिथे लॅबचा फोन नंबर लावा.

मी पिट्सबर्गच्या दक्षिणेला, वॉशिंग्टन काउंटीत. ४१ एकर. मार्सेलसची, म्हणजे ज्या खोल शेल दगडाच्या थरातून हा गॅस काढतात त्याची, पहिली विहीर याच काउंटीत यशस्वी झाली, २००४ च्या सुमारास, त्यामुळे आमच्याकडे सगळ्या चुका तुमच्या आधी करून झाल्यात. मी २००८ मध्ये स्वयंपाकघरातल्या टेबलावर, वकील न बघता सही केली. तेव्हा वाटलं वकिलाचे चारशे-पाचशे डॉलर वाचवले.

पाण्याचं आधी सांगतो. २०१२ चा कायदा आहे, इथे सगळे ‘ॲक्ट १३’ म्हणतात. त्यात लिहिलंय की तुमचा बोअर गॅसच्या विहिरीपासून २,५०० फुटांच्या आत असेल आणि विहीर खोदल्यापासून, फ्रॅकिंग (जोराच्या दाबानं पाणी सोडून खालचा दगड फोडणं) केल्यापासून किंवा तिच्यात काही बदल केल्यापासून १२ महिन्यांच्या आत पाणी बिघडलं, तर ते कंपनीनंच बिघडवलं असं धरायचं. तसं नाही हे कंपनीनं सिद्ध करायचं. तुम्ही १,९०० फुटांवर आहात, म्हणजे या वर्तुळात बसता. ही केवढी मोठी गोष्ट आहे हे वर्तुळाबाहेरच्याला विचारा. मोजताना मात्र पॅडच्या कडेपासून नाही, विहिरीच्या उभ्या भोकापासून मोजतात.

आता यातली मेख. कंपनी आधी तुमचं पाणी तपासायला माणूस पाठवते. तुम्ही त्याला आत घेतलं नाहीत तर हे संरक्षण गेलं. माझ्या टेकडीपलीकडच्या शेतकऱ्यानं हेच केलं. कंपनीवर राग होता, सॅम्पल घ्यायला आलेल्या पोरावर कुत्रं सोडलं. वर्षभरानं त्याच्या नळाला काळपट पाणी यायला लागलं, आंघोळीला पण नको वाटावं असं. कंपनीचा वकील शांतपणे म्हणाला, आम्ही तपासायला आलो होतो, यांनी नकार दिला, ही तारीख. झालं. त्याला सगळं स्वतः सिद्ध करायचं होतं आणि ‘आधीचं’ पाणी कुठे होतं त्याच्याकडे? आज त्याच्या अंगणात प्लास्टिकची टाकी आहे, बाजारहाट केल्यासारखं पाणी आणतो.

तेव्हा कंपनीचा माणूस आला की दार उघडा, चहा पण द्या. पण त्याच दिवशी किंवा आधी, तुमच्या पैशानं, राज्याची मान्यता असलेल्या लॅबकडून वेगळं सॅम्पल घ्या. बाटली स्वतः भरून पोस्टात टाकू नका. लॅबच्याच माणसानं भरायची, सील करायची, कुणाच्या हातून कुणाकडे गेली त्याचा कागद करायचा. नाहीतर कोर्टात बाटलीला किंमत नाही. मिथेन, क्लोराइड, बेरियम, स्ट्रॉन्शियम, एकूण विरघळलेले क्षार, एवढं तरी हवंच, कारण खोलातून खारं पाणी वर आलं तर हीच मंडळी आधी दिसतात. मला तेव्हा आठशेच्या वर खर्च आला. रिपोर्ट बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आहे, पासपोर्टांच्या शेजारी.

आता पैसे. साडेबारा टक्के ऐकून हुरळू नका. तो काही देकार नाही, १९७९ च्या कायद्यानं ठरवलेला किमान आकडा आहे, एक अष्टमांश. त्याहून कमी ते देऊच शकत नाहीत. आणि २०१० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की हा अष्टमांश देताना विहिरीच्या तोंडापासून बाजारापर्यंतचा खर्च कंपनी वळता करून घेऊ शकते. गोळा करणं, दाब देणं, वाहून नेणं. लीजमध्ये उलट लिहिलं नसेल तर. माझ्या लीजमध्ये उलट काही लिहिलेलं नाही. मागच्या महिन्याचा माझा चेक: वर ४१२ डॉलर, मग तीन ओळी वजाबाकीच्या, खाली २३७. आमच्याकडचा गॅस ओला, त्यातून इथेन-प्रोपेन वेगळे काढायचा खर्चही लावतात. तुमच्या बाजूचा कोरडा आहे, तेवढी एक ओळ वाचेल.

आणि ‘खर्च वजा होणार नाही’ असं लिहून घेतलंत तरी पुढचं वाक्य वाचा. तिथे बऱ्याचदा असतं, ‘मात्र मालाची किंमत वाढवणारा खर्च वगळून’. त्या एका ‘मात्र’मधून सगळं परत आत येतं.

१५ तारखेचं म्हणाल तर मलाही १५ तारीखच सांगितली होती. महिना वेगळा होता.

---

कागदपत्रवाली

नानांनी पाण्याचं सांगितलंच. मी पिट्सबर्गला जमिनींच्या टायटलचं काम करते, वकील नाही. कोर्टहाऊसच्या तळघरात आयुष्य गेलं एवढंच.

१९११ च्या ओळीनं घाबरू नका. पेनसिल्व्हेनियाची गंमत ही की इथे खतात नुसतं ‘खनिजं’ लिहिलं तर त्यात तेल आणि गॅस येत नाहीत, तसं स्पष्ट लिहिलेलं लागतं. १८८२ चा डनहॅमचा निकाल आहे, त्यावरून याला ‘डनहॅम रूल’च म्हणतात. मार्सेलस आल्यावर पुन्हा वाद झाला, की शेल हा दगड म्हणजे खनिज, मग त्यातला गॅसही खनिज नाही का. २०१३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, नाही, जुनाच नियम चालू. त्या काळी लिहिणाऱ्यांच्या मनात गॅस होता असा भक्कम पुरावा कुणी आणला तर गोष्ट वेगळी, पण तो सहसा मिळत नाही. बाकीची राज्यं असं मानतातच असं नाही, तेव्हा टेक्सासच्या चुलतभावाचा सल्ला इथे लावू नका.

पण. तुम्ही १९११ बघितलं, त्यानंतरचं बघितलं का? तुमच्या खतात सगळे जुने उल्लेख उतरलेलेच असतील असं नाही. टोवांडाच्या कोर्टहाऊसमध्ये जा, खतं नोंदवतात त्या ऑफिसात विकणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची अशा दोन सूच्या असतात. तुमच्यापासून मागे एकेक मालक करत जा आणि प्रत्येक खत शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. गंमत नेहमी सीमांचं वर्णन संपल्यावर येते, जिथे वाचणारा कंटाळलेला असतो. तुमच्या वडिलांचा फेरफाराचा नियम इथे शंभर टक्के लागू आहे. लँडमनच्या कंपनीनं हे सगळं आधीच वाचलेलं असतं. ते तुम्हाला दाखवतील ही अपेक्षा ठेवू नका.

जाता जाता दोन गोष्टी. घरावर कर्ज असेल तर बँकेला विचारल्याशिवाय सही नको. आणि जमीन ‘क्लीन अँड ग्रीन’मध्ये असेल, म्हणजे शेती-जंगल म्हणून कमी कर लागत असेल, तर पॅड किंवा रस्त्यात गेलेल्या तुकड्यावर सात वर्षांचा फरक व्याजासकट भरावा लागतो. तो कुणी भरायचा हे लीजमध्ये लिहून घ्या.

---

ह्यूस्टनकर

मी याच धंद्यातला, विहिरींच्या केसिंग आणि सिमेंटचं काम करतो. त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय.

फ्रॅकिंगच्या भेगा सात-सात हजार फूट वर चढून तुमच्या बोअरला भिडतात हे चित्र डोक्यातून काढा. मध्ये मैलभर दगड आहे. पाणी बिघडतं ते बहुतेक वेळा विहिरीच्या उभ्या भोकाशी. पाइप आणि दगड यांच्या फटीत सिमेंट नीट बसलं नाही की वरच्या, मधल्या थरांतला गॅस त्या फटीनं चढतो आणि पाण्याच्या थरात शिरतो. तुमच्या शेजारच्या काउंटीतलं डायमॉक आठवा. २००९ च्या १ जानेवारीला एका घराची पाण्याची विहीरच फुटली, वरची काँक्रीटची फरशी उडाली. राज्यानं पुढे त्या भागात नऊ चौरस मैलांत नवीन ड्रिलिंग थांबवलं होतं. कंपनीनं २०२२ मध्ये कोर्टात आरोप लढवले नाहीत. ते प्रकरण अशाच सदोष विहिरींचं होतं. चांगलं सिमेंट झालेल्या विहिरीशेजारी वर्षानुवर्षं स्वच्छ पाणी पिणारी घरंही शेकड्यांनी आहेत, ती टीव्हीवर येत नाहीत.

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. मार्सेलसच्या थरासाठी पेनसिल्व्हेनियात सक्तीनं युनिटमध्ये ओढायचा कायदा नाही. जुना १९६१ चा कायदा आहे तो ओनोंडागा थराच्या खालच्या विहिरींसाठी, आणि मार्सेलस त्याच्या वर बसतो. म्हणजे तुम्ही ‘नाही’ म्हणालात तर खाली गेल्यावर आडवी वळवलेली विहीर त्यांना तुमच्या हद्दीखालून नेता येत नाही. कडेकडेचा थोडा गॅस शेजारच्या विहिरीकडे सरकला तर मात्र तक्रार चालणं अवघड. २०२० चा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, जो आपल्या जागेतून काढेल त्याचा गॅस, हा जुना नियम फ्रॅकिंगलाही लागू, जोवर तुमच्या हद्दीत प्रत्यक्ष घुसखोरी झाल्याचं दाखवता येत नाही. शेल पण वाळू नाही हो, त्यातून गॅस असा लांबून वाहत येत नाही. लँडमनचं ‘तसाही निघून जाईल’ हे अर्धं खरं आहे. अर्ध्याहून कमीच.

सही कराच करायची तर ‘जमिनीवर काहीही नाही’ अशी लीज मागा. खालून जा, वर पॅड, रस्ता, पाइपलाइन, तळं काही नाही. तुमचा शेजारी पॅडला जागा देतोच आहे, त्यामुळे त्यांना हे द्यायला जड नाही.

---

उसाचं रान

नाना, ह्यूस्टनकर, ताई, सगळ्यांना रामराम. मी कोल्हापूर जिल्ह्यातला. तुमचं सगळं वाचून आधी हसू आलं, मग विचारात पडलो. तुम्हाला विचारायला माणूस घरी येतो, बूट काढून चहा पितो!

आपल्या देशात जमिनीखालचं तेल नि गॅस शेतकऱ्याचं नसतंच. काढायचा परवाना सरकार देतं, रॉयल्टी सरकारला जाते, शेतकऱ्याला जागेचं भाडं नि पिकाची भरपाई. आमच्या गावात गॅस निघत नाही, पण पाइपलाइन गेलीय माझ्या उसातून. १९६२ चा कायदा, जमीन ते विकत घेत नाहीत, वापरायचा हक्क घेतात. बदल्यात त्या पट्ट्याच्या बाजारभावाच्या १० टक्के आणि पिकाचं, झाडांचं नुकसान. मग त्या पट्ट्यात घर नाही, विहीर नाही, झाड नाही. सातबाऱ्यावर जमीन माझी, पण आंब्याचं रोप लावायचं नाही. ऊस चालतो म्हणे.

पैशापेक्षा माझं दुखणं मातीचं आहे. चर खणताना वरची काळी नि खालची पांढरी माती एकत्र करून परत लोटली. तीन वर्षं त्या पट्ट्यातला ऊस कमरेपर्यंत, दोन्ही बाजूचा डोक्यावर. विमानातून बघितला असता तर भांग पाडल्यासारखा दिसला असता. तुमच्याकडे पाइपलाइनचा कागद आला तर एक ओळ घालून घ्या, वरची माती वेगळी काढायची, वेगळी ठेवायची, परत वरच टाकायची. आणि फोटो काढा. मी नव्हते काढले.

---

सस्क्वेहानाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे झाले, काय काय घडलं ते लिहिते.

कागदपत्रवाली ताई, तुमचं तोंड गोड होवो. टोवांडाला दोन दिवस बसले. ते जाडजूड बाड खांद्यावर घेऊन टेबलावर आपटायचं आणि तिरक्या अक्षरात वाचत जायचं, वडिलांची आठवण आली. १९११ चं तुम्ही म्हणालात तसंच निघालं, फक्त ‘कोळसा आणि सर्व खनिजं’. पण १९५६ च्या खतात, सीमांचं वर्णन संपल्यावर, अगदी तुम्ही सांगितलेल्या जागी, एक ओळ: विकणारा स्वतःसाठी आणि वारसांसाठी ‘तेल व वायूचा निम्मा हिस्सा’ राखून ठेवतोय. हे आमच्या खतात कुठेही उतरलेलं नाही. खिडकीतल्या बाईंनी छापील प्रत दिली, शिक्का मारला आणि म्हणाल्या, इथे अशा ओळी रोज सापडतात.

म्हणजे गॅसपुरते आम्ही ६२ नाही, ३१ एकरांचे. ९३ हजाराचे ४६,५०० झाले. रॉयल्टीचं पण तेच. युनिट ६४० एकरांचं धरलं तर ३१ भागिले ६४० गुणिले साडेबारा टक्के, ०.००६०५. म्हणजे शंभर डॉलरच्या गॅसमागे साठ सेंट, त्यातून नानांच्या त्या तीन ओळी वजा. नवऱ्यानं हा आकडा दोनदा कॅल्क्युलेटरवर केला, मग काही न बोलता लाकडं फोडायला गेला. फ्रिजवरचा कागद त्यानंच काढला.

पाण्याचा रिपोर्ट आला. आला म्हणजे पोस्टानं यायच्या आधी लॅबमधून फोनच आला, तेव्हाच पोटात गोळा आला. क्लोराइड, बेरियम सगळं ठीक. मिथेन लिटरला १४ मिलिग्रॅम. राज्याचं पर्यावरण खातं ७ च्या पुढे दखल घेतं, आणि २८ च्या आसपास पाणी गॅस धरून ठेवू शकत नाही, तो बाहेर येऊन कोंडतो. आम्ही दोन्हीच्या मध्ये. सात वर्षं हेच पाणी पितोय, यात भाजी धुतली, मुलगी यात वाढली. लॅबवाला म्हणाला, पिऊन अपाय होतो असं नाही, भीती कोंडलेल्या गॅसची. बोअरच्या तोंडावरचं झाकण घट्ट होतं, आणि पंपाच्या छोट्या खोलीत नवरा हिवाळ्यात पाइप गोठू नयेत म्हणून हीटर लावून ठेवायचा. तो हीटर त्याच रात्री काढला. आता जाळीची नळी असलेलं झाकण बसवलंय, गॅस बाहेर मोकळ्यावर जातो. ह्यूस्टनकर, तुमच्या डायमॉकच्या फरशीची गोष्ट वाचली नसती तर मी ‘बघू उन्हाळ्यात’ म्हटलं असतं.

पलीकडच्या रस्त्यावर आधीच्या मालकाची मुलगी राहते, तिला विचारलं. ती सहज म्हणाली, हो, लहानपणी भाऊ बादलीवर काडी ओढायचे, भप् व्हायचं, आई रागवायची. ही माहिती घर विकताना कुणाला सांगण्यासारखी वाटली नाही! पेनसिल्व्हेनियात खासगी बोअर कसा बांधायचा याला राज्याचा नियमच नाही म्हणे, मग तपासणार कोण.

आता हा १४ चा आकडा कुणाच्या बाजूचा, ते मला नीटसं कळत नाही. उद्या पाणी बिघडलं तर कंपनी म्हणेल आधीपासूनच होता. उद्या १४ चे ४० झाले तर मी म्हणेन, बघा. गॅस खोलातला की वरच्या थरातला हे समस्थानिकांच्या तपासणीतून कळतं, ती बाटली वेगळी पाठवलीय, उत्तर यायचंय. कंपनीच्या माणसालाही दार उघडलं, चहा दिला. तो बिनसाखरेचा पितो.

लँडमन १५ तारखेला आला नाही, १९ ला आला. मी वकिलाकडून जोडपत्र करून ठेवलं होतं. जमिनीवर काही नाही, खर्चाची वजाबाकी नाही आणि पुढे ‘मात्र’ही नाही, रॉयल्टी १८ टक्के, युनिटबाहेर उरलेली जमीन मुदत संपली की मोकळी, आणि पाणी बिघडलं तर २,५०० फूट नि १२ महिने न बघता पर्यायी पाणी. १९५६ ची ओळ दाखवल्यावर तो म्हणाला, हो, ते आम्हाला दिसलं होतं. मी विचारलं, मग यादीमागे ९३ का लिहिलंत? तेव्हा पहिल्यांदा तो दुसरा कप नको म्हणाला. जोडपत्राचे फोटो काढून घेऊन गेलाय, ऑफिस कळवेल म्हणे. अजून काही कळवलेलं नाही. पलीकडे मातीकाम सुरू झालंय, सकाळी सहाला रिव्हर्सचा टीं-टीं आवाज ऐकू येतो. शेजाऱ्याशी बोलणं आहे, पण गवताचा विषय सोडून दुसरा विषय निघत नाही.

एक नवीन प्रश्न आहे, ठाऊक असेल त्यांनी लिहा. त्या १९५६ च्या निम्म्या हिश्श्याच्या वारसांपैकी एक जण एल्मायराला सापडला. फोन केला, त्याला याचा पत्ताच नव्हता. बाकीचे किती, कुठे, त्यालाही ठाऊक नाही. वकील म्हणतात, वारस सापडलेच नाहीत तर कोर्टाकडून ट्रस्टी नेमून त्याच्यामार्फत लीज करता येते, तसा कायदा आहे. पण इथे एक जण सापडलाय आणि बाकीचे नाहीत, तेव्हा हे करायचं कुणी, मी की कंपनीनं? आणि मी त्याला फोन केला हे चूक झालं का?

---

कागदपत्रवाली

चूक मुळीच नाही. ट्रस्टीची खटपट कंपनीला करू दे, गरज त्यांना आहे, वकिलाचे पैसे तुमचे जातील. एल्मायरावाल्याचा पत्ता मात्र लँडमनला आपणहून देऊ नका. आधी त्यालाच सांगा, की सहीआधी स्वतःचा वकील बघ.

---

पश्चिमेकडचा नाना

आणि ताई, बाटलीचं उत्तर आलं की इथे लिहा. रिपोर्टला बिस्किटाचा डबा नसेल तर सांगा, माझ्याकडे दोन आहेत.